द्रवाचे माप आणि द्रवाचे वजन

पदार्थाने व्यापिलेली जागा म्हणजे त्याचे घनफळ. द्रवाच्या घनफळाचे एकक ठरविण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला भूमितीचा: लांबी, रुंदी व उंची निश्चित करून भांडे प्रमाण मानावयाचे. दुसरा तराजूचा: ठराविक वजनाचे पाणी ज्यात नेमके मावेल, ते भांडे प्रमाण मानावयाचे. जुन्या व नव्या द्रवमापांची तुलना करताना गुणकांचे कोष्टक पुरेसे होत नाही. कोणते माप कोणत्या पायावर उभे आहे, हेही पाहावे लागते.

महाराष्ट्रात ‘शेर’ हा शब्द वजनालाही लावीत आणि मापालाही. ८० तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. एवढे पाणी मावणाऱ्या भांड्यात भुईमुगाचे तेल भरल्यास ते सुमारे ८५० ग्रॅमच भरते, कारण तेल पाण्याहून हलके आहे. दूध मात्र पाण्याहून किंचित जड भरते. अर्थात मापाचा शेर आणि वजनाचा शेर यांत भेद न केल्यास तेल घेणाऱ्याचे दर शेरामागे सात तोळ्यांहून अधिक नुकसान होई.

इंग्रजी गॅलनांतही हाच भेद आढळतो. ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने ६२ अंश फॅरनहाइट तापमानाच्या १० पौंड शुद्ध पाण्याचे घनफळ म्हणजे एक गॅलन असे ठरविले. अमेरिकेने मात्र २३१ घन इंचांचा जुना मद्य-गॅलन कायम ठेविला. पहिल्याचा पाया तराजू, दुसऱ्याचा मोजपट्टी. म्हणून एकाच नावाची ही दोन मापे अनुक्रमे सुमारे ४.५४६ व ३.७८५ लिटर भरतात.

मेट्रिक पद्धतीही या द्वैतापासून सर्वस्वी मुक्त राहिली नाही. फ्रान्सने १७९५ मध्ये लिटर म्हणजे मीटरच्या दशांशाएवढी बाजू असलेल्या घनाचे घनफळ, अशी व्याख्या केली. एवढ्या पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असावे, असा संकल्प होता. परंतु प्रमाण म्हणून घडविलेला किलोग्रॅम त्याहून किंचित जड निघाला. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने एक किलोग्रॅम शुद्ध पाणी कमाल घनतेच्या तापमानास व प्रमाण वायुदाबाखाली जी जागा व्यापते ती लिटर, असे ठरविले. हा लिटर मूळच्या लिटरहून दशलक्षांत २८ भागांनी मोठा होता. व्यवहारात हा फरक नगण्य, पण सूक्ष्म प्रयोगांत घोटाळा करणारा. अखेर १९६४ मध्ये ही व्याख्या रद्द होऊन लिटर पुन्हा घन-डेसिमीटरशी एकरूप झाला.

भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली आणि शेर क्रमाक्रमाने व्यवहारातून गेला. तथापि माप व वजन यांतील अंतर त्याने नाहीसे झाले नाही. तापमान वाढले की तेल प्रसरण पावते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९.१ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम भरते. काही उत्पादक वेष्टनावर लिटरच्या आकड्यासोबत ६० अंशांपर्यंतचे तापमान छापीत असत. अशा वेष्टनात लिटरचा आकडा तोच राहूनही तेल सुमारे २६ ग्रॅम कमी असू शके. म्हणून केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये तापमानाचा उल्लेख वगळण्याची व घनफळ आणि वजन दोन्ही अचूक देण्याची सूचना केली.

तात्पर्य, लिटर हे जागेचे माप आहे, पदार्थाच्या राशीचे नव्हे. द्रव कोणता व त्याचे तापमान किती, हे कळल्यावाचून लिटरवरून वजन सांगता येत नाही. तापमानाने वजन बदलत नाही. म्हणून तेलाच्या दोन वेष्टनांच्या किमतींची तुलना करताना वजनाचा आकडा अधिक भरवशाचा होय.