चढ शोधावा कसा?

सायकलींचे शहर ही पुण्याची जुनी ओळख. कचेरीतल्या कारकुनापासून कॉलेजातल्या प्राध्यापकापर्यंत सगळे सायकलवर दिसत, तो काळ मागे पडला. पण अलीकडे पहाटे खडकवासल्याच्या किंवा कोंढव्याच्या रस्त्याला जाऊन पाहा. हेल्मेट घातलेली मंडळी डोंगराच्या दिशेने निघालेली दिसतात. त्यांत कॉलेजची मुले असतात, तसे आमच्यासारखे पन्नाशी ओलांडलेलेही असतात. सपाट रस्त्याचा सराव झाला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: आता दमवणारा, कस पाहणारा चढ कुठे मिळेल?

उंच डोंगर म्हणजे अवघड चढ, असे आपल्याला सहज वाटते. पण सायकलवाल्याला नुसती उंची दमवत नाही. ती उंची किती अंतरात चढायची, यावर सारे अवलंबून असते. शंभर मीटर पुढे गेल्यावर रस्ता आठ मीटर वर गेला, तर तो आठ टक्के चढ. सपाटीवर आपले भांडण मुख्यतः वाऱ्याशी असते, चढावर ते स्वतःच्या वजनाशी सुरू होते. तीन-चार टक्क्यांवर गप्पा मारता येतात. आठ टक्क्यांवर बोलणे तुटक होते आणि बारा टक्क्यांवर फक्त श्वास ऐकू येतो.

आपले जुने घाटरस्ते बैलगाडीचा विचार करून आखलेले. म्हणून ते वळणे घेत, बेताने चढत जातात. दिवे घाट त्यातलाच. तरीही आषाढी वारीत माउलींचा रथ हा घाट चढतो, तेव्हा त्याला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. चढ म्हणजे काय, हे त्या बैलांना विचारावे! याउलट किल्ल्यावर नेणारा रस्ता मोटारीच्या इंजिनावर भिस्त ठेवून केलेला असतो. सिंहगडाचेच पाहा. गोळेवाडीच्या नाक्यापासून वाहनतळापर्यंत जेमतेम ९ किलोमीटरांत सुमारे ६०० मीटर चढावे लागते. सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते, पण सरासरीवर विसंबू नये. मधले काही तुकडे याहून बरेच खडे आहेत. कवितेत जशी यतीची जागा असते, तशी चढातही दम घ्यायची जागा लागते. ती कुठे आहे, हे आधी ठाऊक असावे.

ते कळते नकाशावरून. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर असे प्रमाण असते आणि तपकिरी समोच्चरेषा साधारणपणे २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. एका किलोमीटरात रस्त्याने अशा चार रेषा ओलांडल्या, तर ८० मीटरची चढण झाली, म्हणजे आठ टक्के. जिथे रस्ता दाट रेषांना आडवा छेदून जातो, तिथे पाय भरून येणार हे नक्की. आता मोबाइलवरही चढाचा आलेख मिळतो. त्यामागची उंचीची माहिती बऱ्याचदा फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीची असते. ती पृथ्वीचे चौकोन पाडून केलेली मोजणी आहे, त्यामुळे डोंगर कापून काढलेल्या अरुंद रस्त्यावर ती चकवते. बोगदा असेल, तर आलेख आपल्याला वरच्या डोंगरावरूनही नेतो!

दिशाही पाहायला हवी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि सासवडचे पठार त्याहून चांगलेच उंच. म्हणून बोपदेव घाट कोंढव्याकडून चढताना घाम काढतो आणि सासवडकडून येताना सहज पार होतो. घाट एकच, पण परीक्षा दोन.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आव्हान चढात असावे, मालमोटारींत नसावे. चढावर आपला वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो, सायकल थोडी डगमगते आणि मागून गाडी येत असते. घरी आपली वाट पाहणारी माणसे असतात. म्हणून महामार्गाने मागे टाकलेले रस्ते शोधावेत. नवा बोगदा झाल्यापासून महामार्गाची बरीचशी जड वाहतूक कात्रजच्या जुन्या घाटातून हलली आहे. तरी जायचे ते पहाटेच, आणि रविवारी सिंहगडावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागण्याआधी खाली यावे. पावसाळ्यात दरड आणि शेवाळ यांचा भरवसा नसतो.

चढ निवडताना उतारही निवडला जातो, हे विसरू नये. उतरताना ब्रेक सतत दाबून धरला, तर चाकाची कड तापते आणि ट्यूब फुटू शकते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून-सोडून दाबावेत आणि वेग वळणाच्या आधीच कमी करावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी जुना कात्रज, मग कोंढव्याकडून बोपदेव आणि पाय तयार झाल्यावर सिंहगड, असा क्रम ठेवावा. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी त्याआधी एकदा डॉक्टरांना छाती दाखवून घ्यावी. घाट कुठे जात नाही. तो पुढच्या रविवारीही तिथेच असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)