भुलाबाई माहेरी आलीय

बाहुली म्हटली की आपल्याला खेळ आठवतो. पण श्रोतेहो, काही बाहुल्या खेळण्यासाठी नसतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या झुनी आणि होपी या आदिवासी जमातींत कत्सिना नावाचे देवात्मे मानतात. ते पाऊस आणतात, पीक पिकवतात. त्यांच्या लाकडात कोरलेल्या बाहुल्या मुलांना, विशेषतः मुलींना देतात. मुली त्या घरात टांगून ठेवतात आणि त्यांच्यावरून आपले देव ओळखायला शिकतात.

हे वाचलं आणि मला भुसावळची भुलाबाई आठवली.

भाद्रपद पौर्णिमेला खानदेशात, विदर्भात मातीची भुलाबाई बसते, शेजारी भुलोजी. काही गावांत हिलाच गुलाबाई म्हणतात. सारीपाटावरून रुसून शंकर रानात गेले, पार्वती भिल्लिणीच्या रूपात आली, तिला ते भुलले, म्हणून भुलोजी, अशी कथा सांगतात. भोंडल्यात मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरतात. आमच्याकडे या जोडीपुढे कोजागिरीपर्यंत, महिनाभर, टिपऱ्यांवर गाणी होतात. मग डबा वाजवून खाऊ ओळखायचा.

आमच्या घरी भुलाबाई बसत नसे, पण आपा शेजारी गाणी म्हणायला जायची आणि एक दिवस खाऊ आमचा असे. डबा वाजू नये म्हणून अम्मी शंकरपाळ्या फडक्यात गुंडाळायची.

मी सहा-सात वर्षांचा असेन. एकदा भुलाबाई उचलून खेळायला घेतली. काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ठेव रे बाळा, ती माहेरी आलीय."

तेव्हा काही कळलं नाही. गाण्यांत सासूचा जाच, माहेरची ओढ, डोहाळे. दहा-बारा वर्षांच्या मुली हे हसत हसत म्हणत. पुढं जे वाट्याला येणार, ते त्यांना आधीच पाठ होत होतं.

आपाचं लग्न झालं. पुढच्या आश्विनात ती चार दिवस आली. मुलींनी ओढून नेलं. माहेरच्या ओळीपाशी तिचा आवाज थांबला. पोरींनी गाणं पुरं केलं. काकूंचं बोलणं मला त्या दिवशी कळलं.

कोजागिरीला भुलाबाईला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही आपाला गाडीत बसवलं. अम्मीनं डबा हातात दिला. आपानं तो कानाशी धरून हलवला. वाजला नाही. "शंकरपाळ्या," ती म्हणाली.