मनगटाचे प्लास्टर

घरातील वडील माणूस न्हाणीघरात घसरते, सावरण्यासाठी हात पुढे टेकते आणि मनगटाजवळचे हाड मोडते. डब्लिनचे शस्त्रवैद्य अब्राहम कॉलीस यांनी १८१४ साली वर्णिलेली ही मोड आजही घरोघर दिसते.

प्रथम त्या हातातील अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. आमच्या घरांतून येथेच ओढाताण होते. सौभाग्याच्या बांगड्या कशा वाढवायच्या? पण सूज चढली की तेच कडे रक्त अडविते. दुसऱ्या हातातल्या राहू द्याव्यात, म्हणजे झाले.

हाड बसविल्यावर डॉक्टर हातावर सुती मोजा चढवितात आणि त्यावर कापसाचे थर देतात. हाडाच्या उंचवट्यावर थोडे अधिक. मग प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडबुडे थांबेतो बुडवून, न ताणता गुंडाळतात. ही पट्टी डच लष्करी शस्त्रवैद्य माथायसेन यांनी १८५२ साली प्रसिद्धीस आणली. प्लास्टर कोपराच्या थोडे खाली सुरू होऊन तळहातावर संपते. बोटे व अंगठा मोकळे राहून मूठ वळता आली पाहिजे. घट्ट होताना ते गरम लागते, त्याने भिऊ नये. पूर्ण वाळावयास मात्र एक-दोन दिवस लागतात. पुढील बाहूची दोन्ही हाडे मोडली असतील तर एवढ्या आखूड प्लास्टरने बहुधा भागत नाही.

ताज्या सुजेवर डॉक्टर पुष्कळदा अर्धेच प्लास्टर बांधतात. लोकांना ते कच्चे काम वाटते. वस्तुतः सुजेला जागा ठेवण्याचा तो शहाणपणा होय. हाडवैद्याची करकचून बांधलेली पट्टी ‘पक्की’ म्हणून वाखाणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

पहिले दोन दिवस हात उशीवर, छातीहून उंच ठेवावा आणि बोटे हलवीत राहावे. दुखणे उतरण्याऐवजी चढू लागले, बोटे बधिर, पांढरी वा निळी पडली, किंवा दुसऱ्याने ती सरळ करताच असह्य कळ आली, तर तत्काळ दवाखाना गाठावा. “रात्री डॉक्टरांना कशाला त्रास?” असे म्हणून कण्हत बसलेल्या एक आजी आम्ही पाहिल्या आहेत. प्लास्टर कापसासकट उभे चिरून सैल करणे काही मिनिटांचे काम. तेवढ्या उशिराने स्नायू मरून हात कायमचा आखडू शकतो.

खाज सुटली म्हणून आत विणायची सुई घालू नये. साधारण सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते. त्या वेळी मुले करवतीला घाबरतात. परंतु तिचे पाते गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते.