किमोच्या दिवसांतलं अंगदुखणं: ऐकतो काय आणि खरं काय

"किमो चालू आहे ना, मग पडून राहा, जपा." न्यू जर्सीत लेकीकडे राहून उपचार घेणाऱ्या आईला पुण्या-नाशिकहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर हेच ऐकावं लागतं. सांगणाऱ्यांची माया खरी असते, सल्ला मात्र चुकीचा. अंथरुणाला खिळलं की स्नायू फार लवकर झडतात, आणि साठीनंतर ते परत कमावायला महिने लागतात. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनच्या तज्ज्ञांनी २०१० सालीच कॅन्सरच्या रुग्णांना सांगितलं होतं, की निष्क्रिय राहू नका. २०२२ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने थेट डॉक्टरांसाठीच सूचना काढली: आजार बरा करण्यासाठी उपचार चालू असताना रुग्णाला चालण्यासारखा आणि ताकदीचा, असा दोन्ही प्रकारचा व्यायाम सांगा. थकवा त्याने वाढत नाही, कमी होतो.

ताकदीचा व्यायाम म्हटलं की आपल्या बायका हसून विषय बदलतात. त्यांच्यासाठी एक खुर्ची पुरते. डायनिंग टेबलाची न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं जमिनीवर घट्ट, हात छातीशी. सावकाश उठा आणि त्याहून सावकाश बसा. हात टेकल्याशिवाय उठवत नसेल तर टेका. जमेल तितक्या वेळा करा, थांबा, संध्याकाळी पुन्हा करा. बाहेर बर्फ असेल तर मॉलमध्ये चाला. किमोनंतरचे वाईट दिवस असतील तर घरातल्या घरात चार फेऱ्याही चालतील. मात्र आजार हाडांत असेल, हिमोग्लोबिन फार उतरलं असेल, ताप किंवा चक्कर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. अनेक गावांच्या वायएमसीएमध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी 'लिव्हस्ट्राँग' नावाचा १२ आठवड्यांचा व्यायामवर्ग असतो, फुकट किंवा अगदी कमी पैशांत. जवळच्या 'वाय'मध्ये चौकशी करून पाहा.

दुसरा समज माणसाला रात्रभर जागं ठेवतो: अंग दुखतंय म्हणजे आजार पसरला. बहुतेक वेळा कारण औषधातच असतं, आणि दुखणं कधी सुरू झालं, कुठे आहे, यावरून ते बऱ्याचदा ओळखता येतं. पॅक्लिटॅक्सेल दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय, कंबर, सांधे ठणकू लागतात आणि साधारण आठवड्यात शांत होतात. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या न्यूलास्टासारख्या इंजेक्शननंतर कणा, कंबरेची हाडं, छातीचं हाड दुखतं, कारण आतली मज्जा एकदम जोरात कामाला लागलेली असते. तळव्यांना मुंग्या, बधिरपणा, रात्री आग होत असेल, तर ते दुखणं स्नायूंचं नसून नसांचं आहे. त्याचं औषध वेगळं, आणि किमोचा डोस बदलायचा का हेही त्यावर ठरतं, म्हणून ते लपवू नये. पेटके येत असतील तर रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम तपासून घेतात.

स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलची गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. ती घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांचे सांधे आणि अंग दुखतं. सकाळी बोटं आखडतात, पोळपाट-लाटणं धरवत नाही. मग काहीजणी कुणाला न सांगता गोळी बंद करतात, आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. कारण इथे खरोखर उपाय आहेत. येल विद्यापीठाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा १२१ बायका होत्या. त्यांतल्या ज्यांनी वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनं उचलणं केलं, त्यांची सर्वांत तीव्र सांधेदुखी २९ टक्क्यांनी कमी झाली. बाकीच्यांची होती तशीच राहिली. त्याच गटातली दुसरी गोळी काहींना सोसते. डुलोक्सेटिन आणि अ‍ॅक्युपंक्चर यांनीही काहींना आराम पडतो.

"खाल्लं की ताकद येईल" हे अर्धंच खरं. ताकद कधी औषधानेही जाते: डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोनसारखं स्टेरॉइड मोठ्या डोसमध्ये बरेच दिवस चाललं, की मांड्या आणि खांदे कमजोर होतात. दुखत फारसं नाही, पण कमोडवरून उठता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. हे डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र मनाने थांबवू नका, ते धोक्याचं असतं. खाण्यात खरी कमतरता प्रथिनांची. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ९० ग्रॅम. पातळ वरण-भाताने ती गरज भागत नाही. अंडं, घट्ट दही, पनीर, मासे, मुगाची उसळ दर जेवणात हवी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञाला विचारून.

तेलाने चोळून देण्याआधी थांबा. एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजली असेल, गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. कॅन्सरमध्ये तिची शक्यता वाढते. तिथे चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. प्लेटलेट कमी असतानाही जोराचं मालीश नको.

टायलेनॉल निरुपद्रवी वाटते, पण ती ताप झाकते. आधी थर्मामीटर लावा. किमो चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे लगेच फोन, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. आयबुप्रोफेन न विचारता नको. हळदीच्या आणि अश्वगंधेच्या कॅप्सूलही डॉक्टरांना दाखवायच्या; स्वयंपाकातली हळद वेगळी.

काखेतल्या गाठी काढल्यावर तो हात कायमचा जपायचा, हेही जुनं झालं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९च्या अभ्यासात हातसूज असलेल्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजनं वाढवली. सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचं प्रमाण घटलं.

आणि काही वेळा खरोखरच वाट पाहायची नसते. पाठदुखीबरोबर पाय लुळे पडले, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. इम्युनोथेरपी चालू असताना पापण्या जड झाल्या, एकाचे दोन दिसू लागले, गिळता येईना, धाप लागली, तर स्नायूंना आणि हृदयालाही सूज आलेली असू शकते. अशा वेळी थेट इमर्जन्सीत.

एरवीच्या दुखण्यासाठी "डॉक्टरांना कशाला त्रास" म्हणून पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. पोर्टलवर लिहा, नर्स लाइनला फोन करा: कुठे, कधीपासून, कोणत्या डोसनंतर, आणि त्यामुळे काय करता येत नाही. कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या फिजिकल थेरपिस्टचं रेफरल मागा. आईला इंग्रजी अवघड जात असेल तर मराठी दुभाषी मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो फुकट द्यावा लागतो, बहुधा फोनवर मिळतो. कमोडवरून उठता येत नाही हे जावयासमोर तिच्या तोंडून निघणार नाही, दुभाष्याला ती सांगेल.