लॅक्टोमीटर दुधाची शुद्धता सांगत नाही

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दुधाचा प्रकल्प हमखास असतो. टेबलावर तीन ग्लास, एक लॅक्टोमीटर, मागे ‘शुद्ध दूध’ आणि ‘भेसळयुक्त दूध’ असा तक्ता. मुलं काचेची नळी दुधात सोडतात, आकडा वाचतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. परीक्षक शाबासकी देतात. मग पालकही तसलीच नळी विकत आणतात आणि रतीब घालणाऱ्या माणसाला दारात उभं करून जाब विचारतात.

हे पुरे झालं. लॅक्टोमीटर शुद्धता मोजत नाही, तो फक्त घनता मोजतो. त्यावर 29 दिसलं याचा अर्थ एवढाच की दुधाची घनता 1.029 आहे, म्हणजे ते पाण्याहून किंचित जड आहे. डेअरीवर याला ‘डिग्री’ म्हणतात.

या डिग्रीवर दोन गोष्टी उलट दिशांनी परिणाम करतात. फॅट पाण्याहून हलकं असतं, त्याची घनता 0.93 च्या आसपास. प्रथिनं, दुग्धशर्करा आणि क्षार, म्हणजे एसएनएफ, पाण्याहून जड. पाणी घातलं की डिग्री उतरते, इथपर्यंत तक्ता बरोबर आहे. पण मलई काढली की डिग्री चढते, हे तक्त्यावर कुणीच लिहीत नाही. यंत्रातून पूर्ण मलई काढलेल्या दुधाची डिग्री 36 पर्यंत जाते. अशा 1 लिटर दुधात पाव लिटर पाणी ओता, डिग्री पुन्हा 29 च्या जवळ येईल. मलई गेली, पाणी आलं, तरी प्रदर्शनातला मुलगा त्याला शुद्ध म्हणणार. दुसरी युक्ती याहून सोपी. दहा टक्के पाणी घातल्याने उतरलेली डिग्री लिटरमागे दोन चमचे साखरेने जागेवर येते. ज्याला फसवायचं आहे त्याला हे ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त तपासणाऱ्याला.

उलट चांगल्या दुधावर मात्र अन्याय होतो. धार काढल्याबरोबर दूध मोजलं तर त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि फॅटही अजून घट्ट झालेलं नसतं, म्हणून डिग्री कमी लागते. तेच दूध काही तास थंड ठेवून मोजलं की ती वाढते. तापमानाचंही तसंच. काही लॅक्टोमीटर 15.5 अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात, काही 27 अंशांना. कोणता आपल्या हातात आहे हे न पाहता कोमट दुधात तो बुडवायचा आणि गवळ्याला चोर ठरवायचं, याला प्रयोग म्हणत नाहीत.

गावातल्या संकलन केंद्रावर नुसत्या डिग्रीवर पैसे देत नाहीत. तिथे फॅट वेगळं मोजतात आणि एसएनएफही पाहतात. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर बोलला जातो तोच मुळी 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून. पाण्याची शंका असेल तर प्रयोगशाळेत दुधाचा गोठणबिंदू बघतात. दूध शून्याच्या साधारण अर्धा अंश खाली गोठतं. पाणी मिसळलं की हा बिंदू शून्याकडे सरकतो.

शाळांनी हा प्रकल्प बंद करावा असं मी मुळीच म्हणत नाही. तो निकालापाशी संपू नये, एवढंच म्हणणं आहे. वर्गाचे दोन गट करा. एकाने लॅक्टोमीटरला फसवणारा नमुना बनवावा, दुसऱ्याने तो पकडून दाखवावा. पकडायला लॅक्टोमीटर अपुरा पडला की मुलं आपोआप विचारतील, आणखी काय मोजायचं? मग नमुना घेऊन डेअरीवर जा आणि फॅट लावून आणा. आणि दूध किती ताजं आहे हे पाहायचं असेल तर मिथिलिन ब्लू वापरा. 10 मिलिलिटर कच्च्या दुधात या निळ्या रंगाच्या प्रमाणित द्रावणाचे 1 मिलिलिटर घालून परीक्षानळी 37 अंशांच्या पाण्यात ठेवायची. दुधातले जिवाणू वाढतात, ऑक्सिजन संपवतात आणि रंग उडतो. पाच तास निळं राहिलं तर दूध उत्तम, अर्ध्या तासाच्या आत पांढरं झालं तर खराब. तपासलेलं दूध ओतून द्यायचं. वेळ, तापमान, आलेख, जीवशास्त्र, सगळं एका नळीत शिकता येतं. त्यासाठी महागडं रोबोटिक्स किट लागत नाही.

आता बाकीचे समज.

पिशवीच्या दुधावर जाड साय येत नाही म्हणून ते नकली? टोन्ड दुधात फॅटच 3 टक्के असतं, आणि होमोजिनाइज केलेल्या दुधात फॅटचे कण इतके बारीक होतात की ते वर जमत नाहीत.

खोक्यातलं दूध महिनोन्महिने टिकतं ते रसायनामुळे? नाही. सुमारे 135 अंशांवर काही सेकंद तापवून ते निर्जंतुक खोक्यात हवाबंद करतात.

दुधात युरिया सापडला म्हणजे भेसळच? दुधात युरिया निसर्गतःच असतो, म्हणून नियमात 700 पीपीएमपर्यंतची मर्यादा आहे. त्यापुढे गेला तर संशय घ्यावा.

देशातलं बहुतेक दूध बनावट? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2011 च्या पाहणीत 68.4 टक्के नमुने मानकात बसले नव्हते, तो आकडा अजून फिरतो. मानकात न बसणं म्हणजे बनावट असणं नव्हे. फॅट किंवा एसएनएफ कमी भरलं तरी नमुना नापास होतो. याच प्राधिकरणाने 2018 मध्ये 6,432 नमुने तपासले. त्यांत युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी भेसळ 12 नमुन्यांत निघाली.

आणि उकळलं की सगळे दोष जातात, हा शेवटचा समज. जंतू मरतात. पण 2018 च्या त्याच तपासणीत 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम1 मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. ते बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि मक्यातून जनावराच्या पोटात आणि तिथून दुधात येतं. ते उकळून जात नाही आणि लॅक्टोमीटरवर दिसतही नाही. त्याला अडवायचं तर गोठ्यातलं खाद्य कोरडं ठेवावं लागतं.