थंडीतील पोशाख : ऊब आणि नीटनेटकेपणा यांचा मेळ

प्रस्तावना

मुंबईत जानेवारीतही रात्रीचे तापमान सरासरी 16 ते 19 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत वाढलेल्या विद्यार्थ्याच्या कपाटात फार तर एखादा स्वेटर असतो. हाच विद्यार्थी जानेवारीत मुलाखतीसाठी, शिबिरासाठी किंवा नोकरीवर रुजू होण्यासाठी दिल्लीला जातो, तेव्हा पहाटेचे तापमान 7 ते 8 अंश असते. थंडीच्या लाटेत ते 4 अंशांच्याही खाली उतरते. धुके असेल तर दुपारपर्यंत ऊन दिसत नाही.

अशा वेळी दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण नेहमीचा शर्ट-पँट घालून जातात आणि कुडकुडत बसतात. काही जण मिळेल ते अंगावर चढवतात आणि गबाळे दिसतात. दोन्हींमागे एकच समजूत असते : ऊब हवी तर रुबाब सोडावा लागतो. या पाठात आपण ही समजूत तपासून पाहू. ऊब नेमकी कशामुळे मिळते हे समजले, की तिचा बराचसा भाग बाहेरून न दिसणाऱ्या कपड्यांतून मिळवता येतो, हे आपल्या लक्षात येईल.

1. शरीरातील उष्णता कशी जाते?

शरीराच्या आतील तापमान सुमारे 37 अंश असते, तर त्वचेचे साधारण 33 अंश. बाहेरची हवा 8 अंशांवर असेल तर उष्णता त्वचेकडून बाहेर जात राहते. ती चार मार्गांनी जाते.

(अ) वहन : थंड लोखंडी खुर्चीवर बसल्यावर किंवा गार फरशीवर उभे राहिल्यावर.
(आ) अभिसरण : त्वचेलगतची गरम झालेली हवा वारा वाहून नेतो तेव्हा.
(इ) प्रारण : शरीराची उष्णता आसपासच्या थंड भिंतींकडे जाते तेव्हा.
(ई) बाष्पीभवन : घाम किंवा ओला कपडा वाळताना.

उष्णता वाचवण्यासाठी शरीर त्वचेकडील रक्तप्रवाह कमी करते. म्हणून बोटे आणि पावले आधी गार पडतात. त्यानंतर स्नायू थरथरू लागतात. मुलाखतीत याचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो. आखडलेले खांदे, कापणारा आवाज आणि ताठरलेली बोटे समोरच्याला भीतीची लक्षणे वाटतात. प्रत्यक्षात ती थंडीची असतात. म्हणजे उबदार असणे हादेखील नीटनेटके दिसण्याचाच भाग आहे.

2. ऊब कापडात नसते, हवेत असते

कपडा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तो आपल्याभोवती हवा अडवून ठेवतो, आणि स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. लोकरीचा तंतू नागमोडी असल्यामुळे त्यात भरपूर हवा अडकते. त्याशिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषून घेऊनही ओली वाटत नाही. सुती कपडा मात्र घामाने भिजला की अंगाला चिकटतो. त्यातील हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी स्थिर हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते.

यातून दोन नियम निघतात. पहिला : एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले, कारण दोन थरांच्या मध्येही हवा अडकते. दुसरा : थर एकमेकांवर दाबले जाता कामा नयेत. घट्ट बुटात दोन जोड मोजे घातले तर त्यांतील हवा दबून निघून जाते, रक्तप्रवाहही अडतो आणि पाय अधिकच गार पडतात.

3. तीन थर आणि त्यांची कामे

आतला थर अंगाबरोबर बसणारा आणि घाम बाहेर खेचणारा असावा. बाजारात ‘थर्मल’ या नावाने मिळणारे अंगालगतचे कपडे हे काम करतात. मधला थर हवा अडवतो : स्वेटर, लोकरी बंडी किंवा लोकरी कुर्ता. बाहेरचा थर वारा आणि धुक्यातील ओल रोखतो : कोट, बंदगळा किंवा जाकीट.

कपड्यांची ऊब मोजण्यासाठी 1941 साली ‘क्लो’ हे एकक मांडण्यात आले. सुमारे 21 अंशांच्या, जवळजवळ वारा नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला पुरेसा वाटणारा पोशाख म्हणजे 1 क्लो. प्रमाण तक्त्यांतील ढोबळ किमती अशा :

पूर्ण बाह्यांचा शर्ट : 0.25
जाड कापडाची पँट : 0.24
थर्मलचा वरचा व खालचा भाग मिळून : 0.35
पातळ बिनबाह्यांचा स्वेटर : 0.13
जाड कापडाचा कोट : 0.44

ही बेरीज 1.41 होते. त्यात थर्मलचा वाटा जवळजवळ चौथा हिस्सा आहे, आणि तो कोणालाही दिसत नाही. बिनबाह्यांचा स्वेटर कोटाखाली जवळजवळ झाकला जातो. बाहेरून दिसतो तो फक्त व्यवस्थित बसलेला कोट.

4. उत्तर भारतातील खास अडचण

थंड देशांत बहुधा संपूर्ण इमारत गरम ठेवलेली असते. तिथला माणूस पातळ कपड्यांवर जाड ओव्हरकोट घालतो आणि आत शिरताच तो खुंटीला टांगतो. दिल्ली, लखनौ, चंदीगड येथील बहुतेक घरांत, वसतिगृहांत आणि कार्यालयांत अशी सोय नसते. फार तर एखाद्या खोलीत हीटर असतो. विटा-सिमेंटच्या भिंती रात्रभर गार होतात आणि सकाळी आत बसलेल्या माणसाची उष्णता ओढून घेत राहतात. तासभर एका जागी बसले की आतली थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त बोचते, कारण चालताना शरीर जितकी उष्णता तयार करते तितकी ते बसल्यावर करत नाही.

म्हणून परदेशी चित्रपटांतील पोशाखाची नक्कल इथे कामाची नाही. शर्ट-पँटवर फुगीर जाकीट घातलेला उमेदवार रस्त्यावर उबदार असतो. पण मुलाखतीच्या दालनात जाण्याआधी त्याला ते काढावे लागते, आणि त्याच्या अंगावर उरतो तो सुमारे 0.49 क्लोचा पोशाख. वर मोजलेल्या पोशाखातील उमेदवाराचे 1.41 क्लो आत बसल्यावरही त्याच्यासोबत राहतात. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी थर्मल आणि लोकरी मोजे घ्या, मग स्वेटर घ्या. भारी जाकीट शेवटी.

5. एक उदाहरण : मुलाखतीचा दिवस

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखती दिल्लीत धोलपूर हाउस येथे होतात, आणि अनेकदा त्या जानेवारीतच सुरू होतात. समजा, आपल्याला सकाळी अशा मुलाखतीसाठी निघायचे आहे.

पुरुषांनी थर्मलचा गळा शर्टाच्या कॉलरखाली राहील असा निवडावा. पांढऱ्या शर्टाखाली गडद रंगाचे थर्मल दिसते. थर्मलच्या बाह्या मनगटाच्या थोड्या वर संपाव्यात. कोट शिवताना किंवा उसना घेताना तो स्वेटर घालूनच अंगावर चढवून पाहावा. उन्हाळ्यात मापे दिलेला कोट स्वेटरवर ताणला जातो, बटणांपाशी चुण्या पडतात आणि तो उसना वाटतो.

साडी नेसणाऱ्यांनी परकराखाली थर्मलचा पायजमा आणि पूर्ण बाह्यांचे, कमरेपर्यंत लांब ब्लाउज घालावे. कंबर उघडी राहिली तर बाकीच्या ऊबेचा फायदा कमी होतो. साडीच्या रंगाशी जुळणारा लांब कोट किंवा खांद्याला पिन लावलेली साधी शाल शोभून दिसते. सतत सावरावी लागणारी शाल मात्र लक्ष विचलित करते. सलवार-कमीज असेल तर लोकरी कुर्ता आणि बंद बूट घ्यावेत.

मफलर, कानटोपी आणि हातमोजे प्रवासात जरूर वापरावेत. दालनात शिरण्यापूर्वी ते पिशवीत ठेवावेत आणि केस नीट करावेत. हातमोजे शक्य तितके उशिरा काढावेत, म्हणजे सही करताना बोटे चालतील. गर्दीच्या मेट्रोत शिरताना कोटाची बटणे उघडावीत. तिथे आलेला घाम बाहेर पडल्यावर गारठा वाढवतो.

लोकरी कपडे वर्षभर ट्रंकेत राहिले असतील तर त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस ते वाऱ्यावर टांगावेत. स्वेटरवर आलेले गोळे काढावेत, आणि वरून ओलसर सुती फडके ठेवून हलकी इस्त्री करावी. धुक्याच्या दिवसांत धुतलेली लोकर लवकर वाळत नाही, म्हणून धुणे घरूनच उरकून निघावे.

6. काही गैरसमज

‘निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ असे सांगितले जाते. डोक्याचा पृष्ठभाग शरीराच्या साधारण दहाव्या हिस्स्याइतका असतो, आणि तिथून जाणारी उष्णताही त्याच प्रमाणात असते. कानटोपी उपयोगी आहे, पण ती पातळ कपड्यांची भरपाई करत नाही.

‘जितके जाड तितके उबदार’ हेही अपुरे आहे. काश्मिरी पश्मिन्याचा तंतू अवघा 12 ते 16 मायक्रॉन जाडीचा असतो, तरी ती शाल वजनाला हलकी आणि उबदार असते. आपल्याकडची घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची असते. तीही उबदार आणि टिकाऊ असते, पण अंगाला टोचते. म्हणून ती अंगालगत वापरत नाहीत. थराची जागा तंतूच्या स्वभावावरून ठरते.

खोली गरम करण्यासाठी दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवणे मात्र जिवावर बेतू शकते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. रात्री अंगावरचे थर वाढवावेत, शेगडीचा आधार घेऊ नये.

सारांश

ऊब ही थरांमध्ये अडकलेल्या कोरड्या, स्थिर हवेतून मिळते. आतले थर न दिसता बरेच काम करतात. बाहेरचा थर मापात, स्वच्छ आणि इस्त्री केलेला असला की पोशाख नीटनेटका दिसतो. जिथे इमारती गरम नसतात, तिथे बसल्या जागी अंगावर राहणारे कपडेच खरे कामाला येतात.

स्वाध्याय

1. सुती बनियन घामाने भिजल्यावर थंडी अधिक का वाजते, ते कारणांसह लिहा.
2. वरील किमती वापरून आपल्या स्वतःच्या हिवाळी पोशाखाचे क्लो मूल्य काढा. बाहेरचा थर काढल्यावर त्यातील किती उरते?
3. मर्यादित पैशांत प्रथमच दिल्लीला जाणाऱ्या मैत्रिणीसाठी कपड्यांची यादी अग्रक्रमाने तयार करा आणि प्रत्येक निवडीचे कारण द्या.