उरुग्वे ते अंधेरी : दिएगो फोरलान

- जन्म : १९ मे १९७९, मोन्तेविदेओ. वडील पाब्लो हेही उरुग्वेकडून फुटबॉल विश्वचषक खेळले.
- प्रमुख परदेशी क्लब : मँचेस्टर युनायटेड, विलारेआल, अॅटलेटिको माद्रिद, इंटर मिलान, सेरेझो ओसाका, मुंबई सिटी.
- क्लब आणि देश : करार व पगार क्लबचा, विश्वचषकात जर्सी मायदेशाची. उरुग्वेसाठी ११२ सामने, ३६ गोल.
- विश्वचषक २०१० : ५ गोल, सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’. उरुग्वे चौथ्या स्थानी.
- मार्की खेळाडू : इंडियन सुपर लीगमध्ये संघाचा चेहरा म्हणून करारबद्ध केलेला नामवंत खेळाडू; मुंबई सिटीसाठी फोरलान.
- मुंबई, २०१६ : अंधेरीत केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक, त्यातले दोन गोल पहिल्या पंधरा मिनिटांत. निकाल ५-०. साखळीत मुंबई अव्वल. उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पराभव.
- निवृत्ती : २०१९.